ज्या नाटकाचे नाव घ्यायचे नाही, त्याच्या विंगेतला एक उन्हाळा

माहेर_सांगली

गेल्या उन्हाळ्यात एका नाटकावरून आमच्या घरात जो वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही, म्हणून हा धागा काढते आहे. आम्ही इंग्लंडच्या वायव्य भागात, मँचेस्टरपासून तासाभरावरच्या एका लहान गावात राहतो. मुलगी १६ वर्षांची आहे. इथली दहावीच्या तोडीची परीक्षा जूनमध्ये संपते आणि निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात एका गुरुवारी लागतो. मधल्या दोन महिन्यांत या मुलांना करण्यासारखे काहीच नसते. दिवसभर मोबाइल घेऊन लोळण्यापेक्षा बरे, म्हणून गावातल्या हौशी नाट्यमंडळात तिने बॅकस्टेजला नाव दिले. पगार नाही, चहा-बिस्किटे मात्र भरपूर. नाटक होते शेक्सपिअरचे ते, ज्याचे नाव नाट्यगृहाच्या आत कोणी उच्चारत नाही. मी हे स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, तेव्हा एकदाच स्पष्ट लिहून टाकते: मॅकबेथ. इथले नाटकवाले त्याला ‘स्कॉटिश नाटक’ म्हणतात आणि त्यातल्या राणीला ‘लेडी एम’.

तालमीच्या दुसऱ्याच दिवशी मुलीने संहितांचा गठ्ठा आत आणला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, की ही मॅकबेथची पुस्तके कुठे ठेवू? शिडीवर चढून दिवे बांधणारे सत्तरीचे गृहस्थ होते तिथेच थांबले. रंगमंच व्यवस्थापक बाईंनी तिला दंडाला धरून मागच्या दाराने पावसात बाहेर काढले आणि प्रायश्चित्त सांगितले: स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, डाव्या खांद्यावरून थुंकायचे, एक शिवी द्यायची आणि मग दार ठोठावून आत येण्याची परवानगी मागायची. मुलगी आधी हसली, पण दुसरे कोणीच हसत नाही हे पाहून गप्प झाली. वडीलधाऱ्यांच्या देखत इंग्रजी शिवी द्यायचा तिला धीर होईना. तेव्हा आजोबांच्या तोंडी ऐकलेले ‘च्यायला’ तिने दिले, आणि दार उघडले.

इथवर गंमत होती. त्याच आठवड्यात बँकोचे, म्हणजे मॅकबेथच्या सोबती सरदाराचे, काम करणाऱ्या तरुणाचा पाय पायरीवरून घसरून मुरगळला आणि तालीम चालू असताना दोनदा वीज गेली. चार दिवस मुलगी घरी आली की खोलीत जाऊन बसे. पाचव्या दिवशी जेवताना रडायला लागली आणि म्हणाली, “आई, मी ते नाव घेतलं म्हणून झालं हे सगळं.”

माझा संताप झाला. वडील रोज पूजा करतात, पण मांजर आडवे गेले म्हणून ते कधी थांबले नाहीत. अशा घरात मी वाढले. परक्या देशातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी माझ्या मुलीच्या डोक्यात शाप भरावा, हे मला सहन होईना. मी फोन करून तिचे नाव काढून घेणार होते. त्या वेळी आप्पा, म्हणजे माझे वडील, तीन महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे आले होते. तरुणपणी त्यांनी हौशी नाटकांत पडदे ओढले आहेत, आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले हे आल्यागेल्याला सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. ते म्हणाले, “फोन नंतर कर. आधी त्यांच्यात जाऊन बघून तरी ये, काम कसं चालतंय ते.”

गेलो दोघे. पाहिले ते असे. विंगेत एका लांब टेबलावर तपकिरी कागद ताणून चिकटवलेला होता आणि प्रॉपर्टीतल्या, म्हणजे नाटकात वापरायच्या, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा जाड पेनने त्यावर आखून खाली नाव लिहिलेले होते: पत्र, मुकुट, प्याले, मेणबत्ती, एक कोरडा खंजीर, दोन रक्ताळलेले खंजीर. वस्तू उचलली की तिच्या जागी रिकामी आकृती दिसते, त्यामुळे काय गेले आणि काय परत आले नाही ते अंधारातही एका नजरेत कळते. निळा कागद लावलेला लहान टॉर्च घेऊन आमची मुलगी त्या आकृत्या मोजत होती. घरी चमचे कुठे ठेवायचे हे जिला १६ वर्षांत कळले नाही, ती! आप्पा बराच वेळ त्या टेबलाजवळ उभे होते. शेवटी त्यांनी व्यवस्थापक बाईंना आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारले, की तुमच्यात नारळ वाढवत नाहीत का? त्या बाईंनी आगीच्या नियमांची पाटी दाखवली, कारण त्यांना वाटले की नारळ पेटवायचा असतो.

फोन मी केला नाही. पण मुलीच्या मनातली भीती गेली नव्हती, आणि माझा प्रश्नही तसाच होता. अशा प्रथेला निरुपद्रवी परंपरा म्हणून सोडून द्यावे, की वेळीच बोलावे? रंगभूमीवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया लिहावे.

विंगेतला_माणूस

मी पुण्यात अनेक वर्षे प्रकाशयोजनेचे काम करतो, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. सर्वप्रथम मला शापापेक्षा बँकोच्या पायरीची चिंता वाटते. त्या पायरीच्या कडेला पांढरी पट्टी होती का, आणि ती पाय मुरगळण्याच्या दिवशी जागेवर होती का, हे आपल्या मुलीला विचारावे.

हे नाटक धोक्याचे आहे, यात वाद नाही. पण धोका कशात आहे ते पाहिले पाहिजे. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत हे सर्वांत लहान नाटक असल्यामुळे प्रवेश भराभर बदलतात. त्यातला बराचसा भाग रात्रीचा आहे: राजा डंकनचा खून रात्री, बँकोचा खून तिन्हीसांजेला, राणीचे झोपेत चालणे मेणबत्तीच्या उजेडात. चेटकिणी आल्या की धूर आला, धूर आला की फळ्या ओलसर होतात. शेवटी दमलेल्या नटांनी जड शस्त्रे घेऊन लढायचे. असे नाटक महिनाभर केले आणि कोणाला खरचटलेसुद्धा नाही, तर मी त्यालाच चमत्कार म्हणेन. शिवाय हे नाटक जगभर सतत होत असते. ज्याचे प्रयोग जास्त, त्याच्या अपघातांच्या कथाही जास्त.

त्यांच्याकडे विंगेत शीळ वाजवणेही अशुभ मानतात. त्याचे कारण असे सांगितले जाते, की जुन्या काळी वरचे पडदे आणि वजने दोरांनी हलवण्यासाठी खलाशांना कामावर घेत आणि ते एकमेकांना शिळेने इशारे देत. कोणी सहज शीळ घातली तर डोक्यावर पडदा कोसळायचा. ही व्युत्पत्ती शंभर टक्के खरी असो वा नसो, नवख्या पोराला ‘शीळ घालू नकोस, अपशकुन होतो’ म्हटलेले जेवढे लक्षात राहते, तेवढे सुरक्षिततेवरचे तासाभराचे भाषण राहत नाही. आपल्याकडेही चपला घालून रंगमंचावर चढलेल्या पोराला पहिला धपाटा श्रद्धेच्या नावानेच बसतो. पण त्या चपलेखालच्या खिळ्याने केबल सोलली जाते, हे त्याला पुढे कधीतरी कळते.

काटेकोर

या ‘शापा’चा इतिहास तपासल्यास हाती फारसे लागत नाही. पहिल्याच प्रयोगाच्या वेळी, म्हणजे १६०६ च्या सुमारास, लेडी मॅकबेथचे काम करणारा हॅल बेरिज नावाचा मुलगा आजारी पडून मेला आणि शेक्सपिअरला स्वतः ती भूमिका करावी लागली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती कथा १८९८ मध्ये मॅक्स बीरबोम या खट्याळ समीक्षकाने छापली आणि सतराव्या शतकातल्या जॉन ऑब्री या चरित्रकाराच्या नावावर खपवली; ऑब्रीच्या लिखाणात तसे काही सापडत नाही. शेक्सपिअरने खऱ्या चेटकिणींचे मंत्र चोरले म्हणून त्यांनी शाप दिला, हेही असेच पुराव्यावाचून चालत आलेले आहे. खरे एवढेच, की तेव्हाचा राजा पहिला जेम्स हा स्वतः स्कॉटलंडचा होता, चेटूक या विषयावर त्याने १५९७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि १६०५ मध्ये त्याला संसदेसकट उडवून देण्याचा कट उघडकीस आला होता. राजहत्या आणि चेटूक या दोन्ही गोष्टी प्रेक्षकांच्या मनात ताज्या असताना हे नाटक आले.

पुढच्या घटना मात्र खऱ्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये १० मे १८४९ रोजी अॅस्टर प्लेस नाट्यगृहात इंग्रज नट मॅक्रेडी मॅकबेथ करत असताना बाहेर दंगल झाली, सैनिकांनी गोळीबार केला आणि किमान २२ माणसे मेली. परंतु त्याचे कारण मॅक्रेडी आणि अमेरिकन नट एडविन फॉरेस्ट यांचे वैर आणि त्यामागचा गरीब-श्रीमंत, देशी-विलायती असा राग हे होते. लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये १९३७ साली लॉरेन्स ऑलिव्हिएचा मॅकबेथ रंगमंचावर यायच्या सुमारास त्या नाट्यगृहाच्या सर्वेसर्वा लिलियन बेलिस वारल्या, आणि ऑलिव्हिएच्या अगदी जवळ वरून एक वजन पडले. बेलिसबाई ६३ वर्षांच्या होत्या आणि त्यांचे हृदय कमजोर होते. वजन पडते, कारण ते कोणीतरी नीट बांधलेले नसते. शापाला बीरबोमचा खोडसाळपणा आणि सर्वांची निवडक स्मरणशक्ती यांपलीकडे आधार नाही, म्हणून मुलीला हा इतिहास सांगावा आणि विषय संपवावा.

ओवी

काटेकोर यांनी विषय संपवला असला तरी मला तो आत्ता सुरू झाल्यासारखा वाटतो, कारण नाव न घेण्यात आपण मराठी माणसे त्या इंग्रजांच्या कितीतरी पुढे आहोत. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, मालवतो. बांगडी फुटली तरी ती वाढते, आणि दुकान बंद करायचे झाले तर तेही वाढवतो. घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणणाऱ्याला आजी परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावते. माझ्या आजोळी दिवेलागणीनंतर सापाचे नाव कोणी घेत नसे. ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणत. आणि बायकांनी नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून तर उखाणे जन्माला आले. त्या नाट्यमंडळाने पावसात गिरक्या घ्यायला लावण्यापेक्षा उखाण्याची सोय ठेवली असती तर बरे झाले असते:

डंकनच्या रक्ताने माखले दोन्ही हात,
मॅकबेथरावांचे नाव घेते बाहेरच्या अंगणात.

अजून एक गमतीची बाब म्हणजे मराठीत या नाटकाची जी रूपांतरे गाजली, त्यांच्या शीर्षकात हे नाव आलेच नाही. शिवराम महादेव परांजप्यांनी त्याचे ‘मानाजीराव’ केले आणि शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’. आपल्या नटांना शापाची भीती बाळगण्याचे कारणच उरले नाही.

खडूस

ओवी यांचा उखाणा छान आहे, परंतु मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे, असे मला वाटते. इथे एक मुलगी चार दिवस स्वतःला दोष देत बसली आणि पाचव्या दिवशी रडली. मोठ्यांसाठी जो खेळ असतो, तो नवीन आलेल्या मुलाला खेळ म्हणून कळत नाही, कारण खेळाचे नियम त्याला कोणी सांगितलेले नसतात. ‘तू बोललीस आणि मग असे झाले’ हा कार्यकारणभाव त्या वयात मनात घट्ट बसतो. पायरीची पट्टी निघाली होती असे उद्या सिद्ध झाले, तरी ज्यांनी तिला पावसात उभे केले, त्यांनी तिच्याशी बसून बोलायला नको होते का? परंपरा म्हणून प्रत्येक गोष्टीला सूट द्यायची असेल, तर आपल्याकडच्या कुठल्या प्रथेला आपण नाव ठेवणार आहोत?

विंगेतला_माणूस

खडूस यांचे म्हणणे मला पटते. आमच्याकडे नटराजाची पूजा होते तेव्हा नवीन पोराच्या हाती प्रसाद ठेवतात, त्याला बाहेर काढत नाहीत. फरक लहान नाही.

माहेर_सांगली

उत्तरे वाचून बरे वाटले. आता पुढे काय घडले ते सविस्तर लिहिते, कारण विंगेतला_माणूस यांचा पायरीचा प्रश्न नेमक्या जागी लागला आहे.

मुलीनेच जाऊन पाहिले. तिसऱ्या पायरीची पांढरी पट्टी आदल्या दिवशी फरशी पुसताना निघाली होती आणि ती कोणी पुन्हा लावली नव्हती. वीज गेली, कारण ज्या जोडणीवर दिवे होते तिच्यावरच कोणीतरी चहाची किटली लावली होती. या दोन गोष्टी तिने कोणी न सांगता शोधल्या, आणि त्या दिवसापासून सगळ्या पायऱ्यांच्या पट्ट्या तपासण्याचे काम तिच्याकडे आले. किटलीवर तिने स्वतःच्या हाताने ‘फक्त स्वयंपाकघरात’ असा कागद चिकटवला.

तिच्याकडे आणखी दोन कामे होती. एक म्हणजे रक्त बनवणे. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, रंग गडद करायला चिमूटभर कोको, आणि कपड्यांवरचा डाग धुऊन निघावा म्हणून त्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे पाणी. आमचे सिंक महिनाभर कसायाच्या दुकानासारखे दिसत होते. दुसरे काम म्हणजे राजाच्या खुनानंतर वाड्याच्या दारावर ज्या थापा ऐकू येतात, त्या विंगेतून देणे. लाकडाच्या जाड फळीवर मोगरीने मारायचे, आणि नटाचे वाक्य जिथे तुटते नेमक्या तिथे. घरी आप्पांनी तिच्याकडून पाटावर त्याचा सराव करून घेतला. ते समोर बसून मॅकबेथच्या वाक्यांऐवजी रामरक्षा म्हणत आणि मध्येच थांबत. थांबले की हिने थाप द्यायची. “आधी मला दार ठोठवायला लावलं, आणि आता तेच काम दिलं,” असे ती एकदा हसत म्हणाली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तरीही रंगीत तालमीच्या रात्री ती पुन्हा पांढरीफटक पडली, कारण टेबलावर एक रक्ताळलेला खंजीर परत आला नाही. कागदावरची ती रिकामी आकृती पाहून तिचे हातपाय गार पडले, असे तिने नंतर सांगितले. व्यवस्थापक बाईंनी तालीम थांबवली आणि खंजीर मिळेपर्यंत कोणाला हलू दिले नाही. तो लेडी एमच्या झग्याच्या बाहीत अडकला होता. दोन मिनिटांत मिळाला, पण त्या दोन मिनिटांत एकाही माणसाने शापाचे नाव काढले नाही, हे मुलीने मला आवर्जून सांगितले.

खरा अपघात दुसऱ्या प्रयोगाला झाला. इथे प्रत्येक प्रयोगाआधी तलवारबाजी एकदा सावकाश आणि एकदा खऱ्या वेगात करून पाहण्याचा नियम आहे. त्या दिवशी मॅकडफचे, म्हणजे शेवटी मॅकबेथला मारणाऱ्या सरदाराचे, काम करणारे गृहस्थ आगगाडी उशिरा आल्यामुळे ऐन वेळी पोहोचले, आणि प्रेक्षक दाराशी उभे असल्यामुळे ती उजळणी राहून गेली. शेवटच्या लढाईत वार अर्धे पाऊल अलीकडे पडला आणि मॅकबेथच्या बोटांवर आला. तलवार बोथट होती, तरी चार टाके पडले. त्याने मूठ आवळून नाटक पूर्ण केले. प्रेक्षकांना ते रक्त पाकाचेच वाटले.

त्या रात्री मुलीला झोप आली नाही. सकाळी ती एकटीच नाट्यगृहात गेली आणि व्यवस्थापक बाईंना तिने सरळ विचारले, की हे माझ्यामुळे झाले का? त्या बाईंनी तिला आदल्या रात्रीचा प्रयोगाचा अहवाल वाचायला दिला. प्रयोग किती वाजता सुरू झाला, किती मिनिटे चालला, कोणाची एन्ट्री चुकली, काय मोडले, हे सर्व त्या रोज लिहितात. त्यात अपघाताच्या नोंदीपुढे लिहिले होते, की तलवारबाजीची उजळणी झाली नसताना पडदा उघडायला परवानगी दिली, चूक व्यवस्थापकाची. मग त्यांनी कपाटातून जुन्या अहवालांच्या फायली काढून तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, की हवे तेवढे शोध, कुठे शाप सापडला तर मला दाखव.

दुपारभर तिने फायली वाचल्या. आधीच्या नाताळात याच मंडळाने मुलांसाठी पॅन्टोमाइम केला होता, म्हणजे गाणी, विनोद आणि बाईच्या वेषातला पुरुष असा धुमाकूळ. त्याच्या १२ प्रयोगांत नऊ अपघातांची नोंद होती, त्यात दोन माणसांनी मिळून चालवायची कापडी गाय वादकांच्या अंगावर पडल्याचीही एक होती. स्कॉटिश नाटकाचे सहा प्रयोग संपले तेव्हा नोंदी चार होत्या. शापित कोण, हे तुम्हीच ठरवा.

खडूस, तुमचा मुद्दा मला लागला आणि मी तो त्या बाईंपर्यंत पोहोचवला. त्यांनी कबूल केले, की त्या दिवशी नंतर मुलीशी बोलायला हवे होते. आता नवीन माणसाला पहिल्याच दिवशी ही प्रथा आणि तिच्यामागची गंमत समजावून सांगायची, असे त्यांनी ठरवले आहे. प्रथा मात्र बंद करणार नाहीत, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले.

काटेकोर

१२ प्रयोगांत नऊ आणि सहांत चार, म्हणजे प्रमाण जवळजवळ सारखेच आले. इतक्या लहान आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये, हे मला सांगितलेच पाहिजे. पण १६ वर्षांच्या मुलीने तुलना करण्यासाठी दुसरे नाटक शोधावे, हे मी माझ्या पहिल्या उत्तरात केले नव्हते. तेवढ्यापुरता मी मागे आहे.

लँकशायरचा_पाहुणा

आम्ही ओल्डहॅमच्या जवळ राहतो, म्हणून एक भर घालतो. तिथल्या कोलिसियम नाट्यगृहात १९४७ साली याच नाटकाच्या शेवटच्या लढाईत हॅरॉल्ड नॉर्मन या नटाला खरी जखम झाली आणि पुढे तिच्यातूनच तो दगावला. त्याचे भूत तिथे फिरते, असे गावात सांगतात. मी तिथे बरीच नाटके पाहिली. भूत कधी दिसले नाही. पण तलवारीच्या उजळणीचा नियम इथल्या माणसांनी एवढा मनावर का घेतला आहे, हे मला धाग्यातली चार टाक्यांची हकिकत वाचून अधिक कळले. अशी कथा ठाऊक असलेल्या गावात ‘आज राहू दे, उशीर झालाय’ म्हणणे जड जात असणार.

एक शंका आहे. आपल्याकडे तीन घंटा होतात, तशी इथे काय पद्धत आहे?

माहेर_सांगली

घंटा प्रेक्षकांसाठी असते. नटांसाठी विंगेतून पुकारा होतो आणि त्याचे गणित आप्पांना शेवटपर्यंत पटले नाही. ‘हाफ’ म्हणजे अर्धा तास, पण तो पुकारतात पडद्याच्या ३५ मिनिटे आधी. ‘क्वार्टर’ २० मिनिटे आधी आणि ‘फाइव्ह’ १० मिनिटे आधी. कारण पहिल्या प्रवेशातल्या नटांना खरा पडदा उघडण्याच्या पाच मिनिटे आधी जागेवर बोलावतात आणि सगळे त्या वेळेपासून मोजतात. आप्पा म्हणाले, “म्हणजे सगळ्यांना पाच मिनिटं खोटं सांगायचं आणि वेळेवर आणायचं. आमच्यात गाडीच्या वेळेला असंच करतात.”

ओवी

आप्पांनी नाटक पाहिले का? आणि त्यांना ते कसे वाटले, हे आपण लिहिलेच नाही.

खडूस

आणि मुलगी आता ते नाव नाट्यगृहात घेते का? माझा हा प्रश्न खोचक नाही, खरोखर जाणून घ्यायचे आहे.

माहेर_सांगली

आप्पांनी सहापैकी चार प्रयोग पाहिले. इंग्रजी त्यांना निम्मेच कळत होते, पण त्यांचे लक्ष नटांवर नव्हतेच. ते विंगेच्या बाजूची खुर्ची धरून बसत आणि दारावरच्या थापा सुरू झाल्या की मांडीवर बोटाने मोजत. तिसऱ्या प्रयोगाला एक थाप अंमळ लवकर पडली, ते त्यांनी घरी आल्यावर जोडे काढायच्या आधी सांगितले. बर्नमचे रान चालून येते तो प्रवेश त्यांना सर्वांत आवडला. झाडांच्या फांद्या पुढे धरून आलेल्या सैनिकांकडे बघून ते मला कानात म्हणाले, “आमच्यात जंगलाचा पडदा वरनं खाली यायचा. ह्यांच्यात जंगल चालत येतंय, पण दोरी ओढायचे कष्ट वाचले.”

निकाल प्रयोगांच्याच आठवड्यात गुरुवारी लागला. गुण चांगले पडले, पण त्या दिवशी घरात चर्चा होती ती सकाळी संपलेल्या रक्ताची आणि दुकानात न मिळालेल्या लाल रंगाची.

शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी आप्पांनी नारळ नेला. आत परवानगी नव्हती, म्हणून मागच्या दाराबाहेर, जिथे मुलीला तीन गिरक्या घ्यायला लावल्या होत्या त्याच फरशीवर, त्यांनी तो वाढवला. व्यवस्थापक बाई, शिडीवरचे गृहस्थ आणि टाके पडलेला मॅकबेथ असे सगळे पावसात उभे राहिले आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन आत गेले. त्या रात्रीच्या अहवालात नारळाची नोंद आहे; वेळ सहा वाजून ४० मिनिटे, करवंटीचे तुकडे झाडून काढले, कोणी घसरले नाही.

खडूस, नाव ती घेत नाही. शापावर तुझा विश्वास आहे का, असे मी तिला विचारले, तर ती म्हणाली, “आई, आजीसुद्धा रात्री जनावरच म्हणायची ना?” आजी तेव्हा जपून पाऊल टाकत असे आणि हातात बॅटरी धरत असे, हेही तिला आठवत होते.

टेबलावरचा तो तपकिरी कागद प्रयोग संपल्यावर फाडून टाकणार होते. तो तिने गुंडाळून घरी आणला आणि जिन्याखाली ठेवला आहे. दोन खंजिरांच्या आकृत्यांवर पाकाचे डाग वाळले आहेत आणि त्यांना मुंग्या लागल्या आहेत. पुढच्या महिन्यापासून ती पॅन्टोमाइमच्या तालमींना जाणार आहे. कापडी गाय याही वर्षी आहे, पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळा, आणि हे दोन भाग ठेवण्याएवढे टेबल त्यांच्याकडे नाही. विंगेतला_माणूस, एवढ्या मोठ्या वस्तूची जागा अंधारात कशी आखतात, हे कृपया सांगावे. ती विचारते आहे.

विंगेतला_माणूस

टेबलावर ठेवू नये. जमिनीवर पांढऱ्या पट्टीने चौकोन आखावा, भिंतीपासून हातभर सोडून, आणि गाय तोंड रंगमंचाकडे करूनच उभी ठेवावी, म्हणजे मागच्या माणसाला अंधारात शोधत बसावे लागत नाही. आणि त्या चौकोनात दुसरे कोणी चहाचा कप ठेवणार नाही, याची जबाबदारी तिने स्वतःकडे घ्यावी.